मोर्चा तहसीलवर, मतदान वॉर्डात

स्थानिक निवडणुकांचे निकाल लागले की मराठवाड्यात एक वाद हमखास रंगतो आणि हमखास चुकीच्या जागी रंगतो. 2 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदा-नगरपंचायतींचं मतदान झालं, 15 जानेवारी 2026 ला महापालिकांचं. निकालाच्या बहुतेक तक्त्यांत डाव्या पक्षांना स्वतंत्र रकाना काढण्याचीही कुणाला गरज वाटली नाही. ते ‘इतर’मध्ये गेले. पर्यावरणाचं नाव घेऊन उभा राहणारा पक्ष तर त्या ‘इतर’मध्येही शोधावा लागतो. मग सुरू होतं ते नेहमीचं. एक बाजू म्हणते, लाल बावटा संपला, आता उभं राहून कुणाची मतं खाता? दुसरी म्हणते, पैसा, जात आणि दडपशाही यांच्यापुढे प्रामाणिक माणसाचं काय चालणार? पहिल्या बाजूला वाटतं की निवडणूक फक्त जिंकणाऱ्यांसाठी असते. दुसऱ्या बाजूला वाटतं की हरण्यामागे आपलं काहीच चुकलेलं नसतं. या दोन्ही समजुती सोयीच्या आहेत, आणि म्हणूनच टिकून आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लहान डाव्या आणि हरित पक्षांनी स्थानिक निवडणुका लढवल्याच पाहिजेत, पण आज लढवतात तशा नाही. जिल्हाभर पाच-पंचवीस उमेदवार उभे करून ‘लढलो’ म्हणणं बंद करून दोन-चार वॉर्ड निवडावेत आणि ते पाच वर्षं धरून बसावं. मराठवाड्यातल्या डाव्यांचा पराभव विचारांचा कमी आणि पत्त्याचा जास्त आहे. त्यांचा मोर्चा तहसील कार्यालयावर जातो, कलेक्टर कचेरीवर जातो, अगदी आझाद मैदानावर जातो. मतदान मात्र वॉर्डात होतं, आणि वॉर्डात त्यांचं घर नसतं.

हा प्रदेश मुळातच डाव्यांना परका आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 1977 चा लोकसभा निकाल काढून पाहावा. मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी चार लाल झेंड्याच्या पक्षांकडे गेल्या होत्या. नांदेडातून केशवराव धोंडगे, परभणीतून शेषराव देशमुख आणि लातुरातून उद्धवराव पाटील हे तिघे शेतकरी कामगार पक्षाचे, तर बीडमधून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. त्याच बीडने दहा वर्षं आधी, 1967 मध्ये, क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर दिल्लीला पाठवलं होतं. साताऱ्याचा माणूस, आणि निवडून आला बीडमधून. आणीबाणीविरोधी लाट होती, जनता पक्षाशी समझोता होता, हे सगळं मान्य. पण लाट कुणाच्या अंगणात येऊन थांबते, यालाही काही अर्थ असतो. निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा, कुळांचे प्रश्न, 1972 च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं आणि त्या कामांवरच्या मजुरीसाठीची आंदोलनं, अशी तीस वर्षांची पेरणी त्या चार जागांमागे होती.

मग ते गेलं कुठे? सोपं उत्तर असं की 1978 च्या मराठवाडा विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर जे पेटलं, त्यात गावातला शेतकरी आणि गावाबाहेरच्या वस्तीतला मजूर यांना एका झेंड्याखाली ठेवणारी गाठ सुटली. हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं उत्तर असं की खासदार-आमदार पाठवणाऱ्या या पक्षांकडे त्याखालच्या पायऱ्याच भक्कम नव्हत्या. नेता होता, चळवळ होती, सभा होती. गावोगावच्या पालिकेत, प्रत्येक गल्लीत रोज सकाळी ज्याच्या दारात जाता येईल असा पक्षाचा माणूस मात्र फार थोड्या ठिकाणी होता. उलट नंतरच्या काळात मराठवाड्यात जे पक्ष नव्याने रुजले ते नेमके या खालच्या पायरीवरून चढले. शिवसेनेचा मराठवाड्यातला खरा प्रवेश झाला 1988 च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीत: 60 पैकी 27 जागा. विधानसभेतलं यश त्यानंतरचं. एमआयएम महाराष्ट्रात आली ती 2012 मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेच्या दारातून, 81 पैकी 11 जागा घेऊन. दोन वर्षांत औरंगाबाद मध्यचा आमदार आणि 2019 मध्ये औरंगाबादचा खासदार. या दोन्ही पक्षांचं राजकारण मला पटत नाही, पण मुद्दा तो नाही. ‘लहान पक्षाला वाव नाही’ हे वाक्य ज्या शहरांत बोललं जातं, त्याच शहरांनी बाहेरून आलेल्या लहान पक्षांना आत घेतलं आहे.

नांदेडचा पुढचा अंकही सांगायला हवा, नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. 2017 मध्ये तिथे एमआयएमची एकही जागा आली नाही; काँग्रेसने 81 पैकी 73 घेतल्या. म्हणजे पालिकेची पायरी चढता येते तशी पाच वर्षांत पायाखालून निघूनही जाते.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो. त्यातला सर्वांत कच्चा आणि सर्वांत मोठ्याने मांडला जाणारा मुद्दा मतविभागणीचा. लोकसभेला या म्हणण्यात तथ्य असतं; दोन मोठ्या आघाड्यांत काट्याची लढत असेल तर पाच-दहा हजार मतांनी निकाल फिरतो. पण नगरपालिकेत कोण कुणाविरुद्ध आहे? डिसेंबरच्या निकालानंतर महिनाभरात अंबरनाथमध्ये भाजप आणि काँग्रेस एकत्र आले, अकोटमध्ये भाजप आणि एमआयएम एकत्र आले. वरून कानउघाडणी झाली, पण खालच्या मंडळींना आधी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे महत्त्वाचं. जिथे मतदानानंतर कुणीही कुणाच्या मांडीला मांडी लावून बसतं, तिथे एखाद्या कम्युनिस्ट उमेदवाराने घेतलेल्या दोनशे मतांमुळे नेमकी कोणती विचारधारा हरली? मतविभागणीचा हिशोब मागण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने स्वतःची मतं पाच वर्षं एका जागी सांभाळली आहेत.

दुसरा मुद्दा जड आहे, आणि तो डाव्यांचे विरोधक मांडण्याऐवजी थकलेले डावे कार्यकर्तेच मांडतात: काम करून मतं मिळत नाहीत. दाखला आमच्या शेजारचा, सोलापूरचा. नरसय्या आडम मास्तरांनी विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प मंजूर करून घेतला. जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या द्यायला पंतप्रधान आले होते. देशात कुठल्याही आमदार-खासदाराला हेवा वाटावा असं हे काम. आणि निवडणुका? 1978, 1995 आणि 2004 ला आमदार झालेले मास्तर 2009 पासून सतत हरत आले. घरं दिली तरी मत मिळत नसेल तर आणखी करायचं काय, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

पण सोलापूरचा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट लक्षात येते. ही घरं झाली कुंभारीत. कुंभारी शहराच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. ज्या विडी कामगार बायकांनी पंचवीस-तीस वर्षं शहरातल्या झोपडपट्टीत राहून लाल बावट्याला मतं दिली, त्यांतल्या हजारो घर मिळताच मतदारसंघाबाहेर राहायला गेल्या. शहरात जमीन परवडत नव्हती, दुसरा पर्याय नव्हता. त्यात कुणाचा दोष नाही. पण ‘लोक कृतघ्न निघाले’ हा निष्कर्ष काढण्याआधी हे लोक मतदान कुठे करतात हे तरी बघावं. आणखी एक. घर ही एकदाच द्यायची गोष्ट आहे. चावी हातात पडली की नातं पूर्ण होतं. तिथून पुढे नळाला पाणी, गटार, दिवाबत्ती, दाखले यांसाठी माणूस ज्याच्याकडे जातो, त्याचा तो मतदार होतो. ठाणे-पालघर पट्ट्यातल्या तलासरीत आणि नाशिकच्या सुरगाण्यात मार्क्सवादी पक्ष अनेक दशकं टिकला, तो वनजमिनीच्या लढ्याइतकाच पंचायत समितीतल्या रोजच्या कामामुळे. तिथे मोर्चा आणि वॉर्ड यांचा पत्ता एकच होता.

तिसरा मुद्दा: नगरसेवकाला अधिकार तरी काय असतात? पैसा मंत्रालयातून येतो, फाइल आयुक्तांकडे, जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. एक-दोन सदस्य निवडून येऊन करणार काय? आणि हे सदस्य नसले तरी कुणाचं अडत नाही, याचा पुरावा सरकारनेच दिला. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली; पुढचं मतदान जानेवारी 2026 मध्ये झालं. पावणेसहा वर्षं शहर प्रशासकाच्या हाती. कोरोना आला, ओबीसी आरक्षणाचा खटला चालला, प्रभागांची संख्या बदलली, पुन्हा बदलली, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तंबी दिल्यावर कुठे निवडणुकांचं चक्र हललं.

मला हा पुरावा उलट्या बाजूचा वाटतो. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव-मांडकीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराचा कचरा आपल्या विहिरींच्या उशाला टाकला जातोय, हे त्यांचं म्हणणं न्यायालयालाही पटलं. मग शहरात महिनोन्महिने ढीग साचले, मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला, अधिकारी हलवले गेले. एखाद्या शहरात हरित राजकारण जन्माला यायला यापेक्षा सुपीक क्षण कोणता असतो? गावकरी रस्त्यावर, शहर नाक दाबून, आणि मध्ये कचरा वेचणाऱ्या बायका व कंत्राटी सफाई कामगार, ज्यांच्या संघटना डाव्यांच्या आहेत. लाल आणि हिरवं एकाच ढिगाऱ्यावर उभं होतं. पण त्या कचऱ्याचा जाब मतपेटीतून विचारायला शहराला जवळपास आठ वर्षं थांबावं लागलं, आणि तोवर लोक तो वास विसरले. नगरसेवक निरुपयोगी असते, तर त्यांना इतकी वर्षं बाहेर ठेवण्याची कुणाला एवढी घाई झाली असती का? एकटा नगरसेवक ठराव मंजूर करू शकत नाही, खरं. पण सभेची विषयपत्रिका त्याच्या हातात पडते, कंत्राट कुणाला आणि किती दराने गेलं हे तो विचारू शकतो, आणि इतिवृत्तात त्याचा विरोध नोंदवला जातो. टक्केवारीचा कारभार चालतो तो सगळे सामील असल्यामुळे. एक जण सामील नसला तरी दर बदलतो.

जिल्हा परिषदेची तीच गोष्ट. शंभर हेक्टरांपर्यंतचे पाझर तलाव आणि कोल्हापुरी बंधारे तिच्या अखत्यारीत येतात. मराठवाड्यात किती बंधारे गेटांवाचून उघडे पडले आहेत, पावसाळा संपता संपता किती ठिकाणी गेट बसवायची वेळ टळून जाते आणि पाणी वाहून जातं, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जलसाक्षरतेवर भाषणं करणारी मंडळी आमच्याकडे कमी नाहीत. त्यांच्यापैकी किती जण पंचायत समितीच्या गणातून उभे राहिले? झाड लावायला कंपनीचा निधी मिळतो, फोटो येतो; गेटांचा हिशोब मागायला गेलं की ठेकेदार गावातलाच निघतो आणि ओळख तुटते. मराठवाड्यात हरित पक्ष का नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

बाकीचं अर्धं उत्तर लाल आणि हिरव्यातल्या खऱ्या तिढ्यात आहे, आणि त्याबद्दल दोघेही बोलायचं टाळतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. मांजरा धरण कोरडं, आणि त्याच मांजरा खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने. हरित विचाराचा माणूस सरळ म्हणेल, या खोऱ्यात ऊस कमी करा. ऊसतोड कामगारांची संघटना चालवणारा डावा कार्यकर्ता तसं कसं म्हणेल? त्याची लढाई टनामागे तोडणीचा दर वाढवण्याची आहे. ऊसच गेला तर दर कशाचा? शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, हमीने विकत घेतलं जाणारं दुसरं पीक दाखवा, उद्या ऊस काढतो. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. हा पेच सिद्धांताच्या पातळीवर सुटायचा नाही. पण नगरपालिकेच्या पातळीवर तो निदान मांडता येतो: धरणात एवढं पाणी उरलं असताना पिण्याचं आरक्षण किती, आणि शहराच्या जलवाहिनीतली गळती किती? शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात परभणी, नांदेड, लातूरकडचे शेतकरी उभे राहिले तेव्हा पर्यावरणवाले आणि लाल झेंडेवाले आपोआप एका मंडपात आले. जमीन जाणार म्हटल्यावर कुणी कुणाला सिद्धांत विचारला नाही.

‘दुष्काळी भागात पर्यावरण ही चैन आहे’ असं म्हणणाऱ्यांनी लातूरचाच पुढचा निकाल बघावा. पाण्याची रेल्वे आली 2016 ला, महापालिकेची निवडणूक झाली एप्रिल 2017 ला. 2012 मध्ये जिथे भाजपची एकही जागा नव्हती तिथे 70 पैकी 36 आल्या. राज्यात सत्ता होती, पैसा होता, इतर पक्षांतली माणसं आली, हे सगळं जमेस धरा. तरीही ज्या शहराने आंघोळीला मोजून पाणी घेतलं, त्याने सत्ता बदलली हे उरतंच. पाण्यावर मत पडतं. पाण्याबद्दल पन्नास वर्षं बोलणारे त्या मतपत्रिकेवर जाणवण्याइतके नव्हतेच, आणि बी न पेरता खळ्यावर रास मोजायला गेलं तर हाती भुसाच येणार.

चौथा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: रचना लहान पक्षांच्या विरोधात आहे, आणि हा अपघात नाही. संभाजीनगरात 2015 पर्यंत एक वॉर्ड, एक नगरसेवक होता. आता 115 नगरसेवकांसाठी 29 प्रभाग, बहुतेक चार सदस्यांचे. सुमारे बारा लाखांच्या शहरात एका प्रभागात चाळीस हजार माणसं झाली. पूर्वी दहा हजार वस्तीत पायी फिरून निवडणूक लढवता यायची. आता चार उमेदवारांचं पॅनल लागतं, चारही वेगवेगळ्या आरक्षणांचे, आणि चाळीस हजारांपर्यंत पोचायला गाड्या. मतदाराला चार मतं असतात, पण मोठा पक्ष ‘चारही बटणं एकाच चिन्हावर’ एवढंच शिकवतो. राज्यातल्या मुंबईबाहेरच्या महापालिकांत 2002 ला तीनचा प्रभाग, 2007 ला एकचा, 2012 ला दोनचा, 2017 ला चारचा. मधल्या काळात कायदा पुन्हा एकवर आला, मग तीनवर गेला, शेवटी चारवर. सत्तेवर येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या मापाने कपडा फाडला. याविरुद्ध लहान पक्षांनी एकत्र येऊन न्यायालयात आणि रस्त्यावर भांडायला हवं. प्रभागांची सोडत हीदेखील खरी अडचण आहे: एका वॉर्डात पाच वर्षं झिजावं आणि सोडतीत तो वॉर्ड दुसऱ्याच प्रवर्गाला जावा.

पण या अडचणीचं उत्तर त्यांच्याजवळ इतरांपेक्षा जास्त आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही याचं मला नवल वाटतं. सोडतीने मोडतो तो एका माणसाचा पक्ष. मोठ्या पक्षांत वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की नगरसेवकाची बायको उभी राहते आणि फलकावर नवऱ्याचा फोटो मोठा असतो. निम्म्या जागा महिलांच्या असलेल्या राज्यात घरकामगार, विडी कामगार, आशा आणि अंगणवाडीच्या बायकांना वर्षानुवर्षं मोर्चात आणणाऱ्या पक्षांना उमेदवार मिळत नाहीत, हे कुणाचं अपयश? संपात घोषणा द्यायला बाई पुढे आणि उमेदवारी द्यायची वेळ आली की जिल्हा सचिव, असंच चालत असेल तर रचनेला शिव्या देऊन काय उपयोग? जातीचंही तसंच. अंतरवाली सराटीपासून पुढे गावागावांत मराठा-ओबीसी असे जे तट पडले, त्यात वर्गाची भाषा ऐकायला कुणी थांबत नाही, हे खरं आहे. पण राखीव वॉर्डात सगळेच उमेदवार त्याच प्रवर्गातले असतात. तिथे मत ठरतं ते कुणाचा कुणाशी किती संबंध आला यावर, आणि हा संबंध विकत घ्यायला एक रात्र पुरते अशी तक्रार करण्याआधी तो जोडायला आपण किती रात्री दिल्या, हेही मोजावं.

बाहेरची दोन उदाहरणं इथे उपयोगी पडतील. ऑस्ट्रियाच्या संसदेत कम्युनिस्ट पक्षाला 1959 नंतर एकही जागा मिळालेली नाही. पण ग्रात्स या त्यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात 2021 मध्ये तोच पक्ष 28.8 टक्के मतं घेऊन पहिला आला आणि एल्के कार महापौर झाल्या. कसं? तीस वर्षं एकच विषय: घरभाडं. भाडेकरूंसाठी मदतीचा फोन, घरमालकाशी भांडायला वकील, आणि पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी कुशल कामगाराच्या पगाराएवढं मानधन ठेवून बाकीचं अडलेल्यांना द्यायचं, असा नियम. तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, आमच्याकडे नाही. हा फरक लहान नाही. म्हणून दुसरं उदाहरण ब्रिटनचं, जिथली पद्धत आमच्यासारखी आहे. ब्रायटनमध्ये ग्रीन पक्षाने वॉर्डामागून वॉर्ड धरत 2010 मध्ये आपला पहिला खासदार पाठवला आणि 2011 मध्ये कौन्सिलची सत्ता घेतली. मग 2013 मध्ये भत्त्यांच्या वादावरून सफाई कामगारांचा संप झाला, पर्यावरणवाद्यांच्या शहरात रस्त्यावर कचरा साचला, आणि 2015 मध्ये त्यांच्या जागा 23 वरून 11 वर आल्या. नारेगाव आठवून हे वाचा. हिरव्यांनी लाल प्रश्नाकडे, म्हणजे कामगाराच्या मजुरीकडे, नीट लक्ष दिलं नाही तर कचराच त्यांना खाली खेचतो.

तर वॉर्ड कोणते धरायचे? महापालिकांचे चार-चारचे प्रभाग आत्ताच डोक्यात घेऊ नयेत. तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती बघाव्यात: 17 जागा, एका वॉर्डाला एकच सदस्य. दहा ते पंचवीस हजार वस्तीचं गाव धरलं तर वॉर्डात सहाशे ते दीड हजार माणसं, मतदार त्याहून कमी. शंभर मतांनी निकाल लागतो. वडवणी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, लोहारा, वाशी, पालम, सेनगाव, माहूर अशी यादी लांबवता येईल. इथे पॅनल लागत नाही, चाळीस हजारांत फिरायच्या गाड्या लागत नाहीत.

एका बाबतीत मात्र गाड्या लागतात, आणि बीडकडे ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. डाव्यांचा हक्काचा मतदार म्हणजे ऊसतोड मजूर, आणि तो मतदानाच्या दिवशी गावात नसतो. दिवाळीनंतर मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. आता तारखा बघा. जिल्हा परिषदा: फेब्रुवारी 2012, फेब्रुवारी 2017. नगरपालिका: 2016 मध्ये नोव्हेंबरअखेरपासून, 2025 मध्ये 2 डिसेंबर. सगळ्या ऐन गाळप हंगामात. फडावरून मजुरांना आणायचं तर जीप-ट्रॅव्हल्स करावी लागते, बुडालेली मजुरी भरून द्यावी लागते, मुकादमाला राजी करावं लागतं. जो हे करतो त्याच्या गाडीत बसून मजूर येतो, आणि गाडी कुणाची हे तो विसरत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी लाल झेंडा उभा आहे, त्यांचं मत त्या झेंड्यापर्यंत पोचण्याआधीच वाहतूक खर्चात विकलं जातं. जी माणसं मागे राहतात, ती म्हातारी, आणि हंगामी वसतिगृहातली पोरं. ती वसतिगृहं वेळेवर सुरू होतात की नाही, हाही जिल्हा परिषदेचाच विषय.

औरंगाबाद महापालिकेचं 2015 चं आणि लातूरचं 2017 चं मतदान एप्रिलमध्ये झालं होतं. ऊन आडवं आलं नाही. मग ऊसतोडीच्या तालुक्यांतल्या नगरपंचायती, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात का होऊ नयेत? राज्य निवडणूक आयोगाकडे ही मागणी रेटायची तर ती मजुरांच्या संघटनांनीच रेटायला हवी, तोडणीच्या दराच्या मागणीइतक्याच जोराने. मागणी मान्य होईपर्यंतची कामंही ठरलेली आहेत. कुठल्या वॉर्डातून किती कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, जातात, कुठल्या कारखान्यावर जातात, त्यांची नावं यादीत आहेत का की स्थलांतरित म्हणून कापली गेली, त्यांच्या पोरांची वसतिगृहात नोंद झाली का, म्हाताऱ्यांचं रेशन कोण आणून देतं. ही वही घेऊन पाटोद्यात किंवा वडवणीत तीन वॉर्ड निवडायचे झाले, तर जिथून सर्वांत जास्त कोयते बाहेर पडतात ते तीन निवडावेत. कामाला सुरुवात टोळ्या परत आल्यावर करू नये. दसऱ्याला उचल वाटली जाते, तेव्हाच करावी.